आधी तपासणी, मग लाथ

जन्माला येताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. यात माझं कर्तृत्व काडीचंही नाही, सगळी मेहनत आईची आणि शेवगावच्या सुईणीची. पण नर्स म्हणून केलेल्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला जेवढा मान या पायांनी मिळवून दिला, तेवढा प्रशिक्षणाच्या दाखल्याने दिला नाही, हे कबूल केलेलं बरं.

शहरातल्या वाचकांना आधी समजावून सांगते. पायांकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण निघून जाते, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री आहे. दुखणाऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने उजव्या पायाने तीनदा हलकी लाथ द्यायची, आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, त्यामुळे आभाळात ढग दिसला की आई मला घरात कोंडायची. शेवगावकडे ढगच कमी, म्हणून माझं बालपण निभावलं. आता बाळ पायाकडून येतंय असं दिसलं की डॉक्टर सरळ ऑपरेशन करतात. माझी नात तशीच झाली. ती पायाळू धरायची की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

एकाहत्तरच्या सुमाराला मी राजूरला नोकरीला होते. बाजारतळाच्या वर एका टेकाडावर आमचा दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर एक, मी एक, आणि झाडलोटीला एक मावशी. डॉक्टर चाळिशीचे, नाशिककडचे, अतिशय शिस्तीचे. स्टेथोस्कोप टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेला असायचा, तो कुणी उजव्या कोपऱ्यात ठेवला तर त्यांचा दिवस बिघडायचा. आठवडाभर दवाखाना बेताने चाले, पण बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या सगळ्या वाड्या खाली उतरायच्या आणि आमचा व्हरांडा भरून जायचा. पोरांचे कान, बायांचे ताप, कोयत्याचे घाव. म्हातारी माणसं मात्र येत नसत. त्यांची हातपाठ दुखली तर ती बिब्याने डाग घेत, तेल चोळून घेत आणि गप्प बसत. दवाखाना पोराबाळांसाठी असतो, असा त्यांचा हिशेब होता.

माझ्या पायांबद्दल मी तिथे कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. पण आई महिनाभर राहायला आली. आईच्या पोटात पाणी राहायचं, पण गोष्ट राहायची नाही. शेजारणीची कंबर धरली होती, तिला आईने मोठ्या मनाने सांगितलं, की अहो, आमची पोरगी पायाळू आहे, इतके दिवस तुम्ही बोलला नाहीत कशा? मी ड्यूटीवरून घरी आले तर शेजारीण ओट्यावर पालथी पडून माझी वाट बघत होती.

पुढच्या बाजारी व्हरांड्यात अकरा म्हातारी माणसं. मला वाटलं जुलाबाची साथ आली. मी सलाइनच्या बाटल्या मोजायला आत पळाले. बाहेर येऊन बघते तर पहिला म्हातारा पटका सोडून, गोणपाट अंथरून आडवा झालेला, आणि बाकीचे शिस्तीत रांगेत. डॉक्टर कुजबुज ऐकून बाहेर आले. काय चाललंय ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

"सिस्टर, हा दवाखाना आहे," एवढंच ते म्हणाले.

मी शपथेवर सांगितलं की यातल्या एकालाही मी बोलावलेलं नाही. त्यांनी सगळ्यांना घालवून दिलं. सगळे निमूट उठले आणि समोरच्या झाडाखाली जाऊन बसले, माझी ड्यूटी संपायची वाट बघत. पुढच्या बाजारी वीसजण झाडाखाली. त्या दिवशी मी डॉक्टरांशी पहिल्यांदा वाद घातला. मी म्हटलं, साहेब, ही माणसं जन्मात दवाखान्याची पायरी चढलेली नाहीत. तुमच्या औषधासाठी चढणारही नाहीत. माझ्या पायासाठी चढतायत तर चढू द्या, आणि वर आली की तुम्ही त्यांना तपासा. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप डाव्या कोपऱ्यातून उचलला, पुन्हा तिथेच ठेवला, आणि म्हणाले, "आधी तपासणी, मग लाथ. तपासल्याशिवाय कुणालाही पाय लावायचा नाही. आणि मी नको म्हणालो तर नको."

असा आमचा करार झाला. रजिस्टरमध्ये उपचाराच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न होता. लाथ कशी लिहिणार? डॉक्टरांनी विचार करून 'मालिश व सल्ला' लिहायला सांगितलं.

माझ्या पद्धतीत मी एक भर घातली होती. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागणं म्हणजे पाप, आणि मी तर मुद्दाम लावत होते. म्हणून तीन लाथा झाल्या की मी त्या माणसाच्या पाया पडायची. म्हातारी माणसं आधी लाथ घ्यायची, मग उठून बसून आशीर्वाद द्यायची. आशीर्वाद इतके मिळाले की पुढे माझं लग्न, मुलं, बढती सगळं वेळेवर झालं. त्याचं श्रेय मी राजूरलाच देते.

या रांगेने मला जे शिकवलं ते पुस्तकात नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा हात दुखतो म्हणजे दुखणं हातातच असतं असं नाही. जन्मभर डोक्यावर पाण्याचे हंडे आणि लाकडाच्या मोळ्या वाहिलेल्या बायांच्या मानेचे मणके झिजतात, तिथे शीर दबते आणि मुंग्या येतात बोटांना. बाई बोटांना तेल चोळत बसते, आणि दुखणं बसलेलं असतं मानेत. काहींची हाडं आतून इतकी विरळ झालेली असत की घागर उचलली एवढ्यानेच पाठीचा मणका चेपलेला. अशा पाठीला डॉक्टर मला पाय लावू देत नसत. मग मी त्यांच्या नुसत्या पाया पडायची, आणि त्यातही काहींना गुण येई.

सखाराम शिंप्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. स्वतःची टोपी स्वतःला घालता येत नव्हती, बायको घालून द्यायची आणि ती तिरपी बसायची, याचं त्याला फार दुःख. खांदा आखडला होता. याला लाथेचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं, आणि व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहून बोटं एकेक करत वर चढवायची, रोज. सखारामने दुकानाच्या भिंतीवर आपल्या खडूने खुणा करायला सुरुवात केली. बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानावरून गेले की तो मला आत बोलावून नवी खूण दाखवी. कॅलेंडरच्या खिळ्याला बोट लागलं त्या दिवशी त्याने पेढे वाटले आणि टोपी स्वतः घातली. तीही तिरपीच होती, पण आता तक्रार कुणाची करणार?

आणि सावळेराम पैलवान. सत्तरीचा गडी, पाठीला एका बाजूने आग होते म्हणत आला. सदरा लागला तरी सहन होईना. डॉक्टरांनी तपासलं, वरून काहीच दिसेना. मी अगदी हलका पाय टेकवला तर पैलवान ओरडला. तिसऱ्या दिवशी त्याच जागी पट्ट्यासारखे फोड उठले. नागीण. ती अंगात आधी दुखते आणि कातडीवर मागून दिसते, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. माझी मात्र भीतीने गाळण उडाली, आता गाव म्हणणार बाईच्या पायाने नागीण उठली. झालं उलटंच. पैलवानाने भर बाजारात सांगितलं, की बाईच्या पायानं आतलं इख भाईर काढलं. पुढच्या बाजारी रांग टेकाडाच्या खालपर्यंत गेली.

खुद्द डॉक्टरांची गोष्टही सांगून टाकते, आता ते रागावणार नाहीत. एका सकाळी मोटरसायकलला किक मारताना त्यांची कंबर धरली. दुपारपर्यंत खुर्चीतून उठवेना. मावशीला त्यांनी काहीतरी आणायला बाजारात पाठवलं, दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की सिस्टर, शास्त्र थोडा वेळ बाजूला ठेवू. मी म्हटलं, साहेब, आधी तपासणी. ते म्हणाले, मला कोण तपासणार? मग मीच त्यांना तपासलं. वाकायला लावलं, पाय उचलायला लावला, खोकायला लावलं, सगळं त्यांच्याच पद्धतीने. तपासणी झाल्यावर तीन लाथा दिल्या आणि पाया पडले. बरं वाटलं की नाही हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी चालत गेले.

आता ठकूआजी. हे सगळं मी लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

ठकूआजी डोंगरातल्या एका वाडीवरची. खाली राजूरला यायला दोन तासांची वाट, वर जायला त्याहून जास्त. अंगाने काटकुळी, कासोटा घट्ट, कमरेला पानसुपारीची चंची. दर बाजारी डोक्यावर पाटी घेऊन उतरायची, कधी हिरडा, कधी अंडी, कधी करवंदं. वय विचारलं तर म्हणायची, मोजलं न्हाई. पहिल्यांदा आली तेव्हा डावा हात धरून आली आणि पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे, आवळल्यासारखं होतं म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं. मान फिरवून बघितली, हात वर-खाली केला, पाठ दाबून बघितली. कुठेच दुखेना. नाडी बरी होती, छातीत काही ऐकू आलं नाही. डोक्यावरच्या ओझ्याचा परिणाम असावा असं ठरलं. मी तीन लाथा दिल्या आणि पाया पडले. आजी उठली ती हसतच. दुखणं पार गेलं होतं.

असे किती बाजार झाले. आजी टेकाड चढून यायची ती हात धरून, घाम पुसत. मी तिला रांग मोडून आत घ्यायची, आडवी करायची, पाय लावायची. दुखणं गेलेलं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत इतका झटपट गुण कुणालाच येत नव्हता. मी सगळ्यांना ठकूआजीचं उदाहरण सांगायची. तिला पुन्हा तपासायचं कशाला, आजी तर आता घरचीच, असं म्हणून डॉक्टरांच्या खोलीत पाठवणंही मी सोडून दिलं. आमचा करार मी मोडला, आणि तोही नेमका जिच्यावर जीव होता तिच्या बाबतीत. याची लाज मला आजही वाटते.

आजीच्या धाकट्या सुनेला मुलगा झाला. बाळंतिणीला बघायला मी वर वाडीवर जायचं ठरवलं, आणि बाजार उलगल्यावर आजीबरोबरच निघाले. आजीच्या डोक्यावर रिकामी पाटी, माझ्या खांद्याला पिशवी. वाट सपाट होती तोवर आजी माझ्या पुढे. चढ लागला आणि थोड्याच वेळात ती थांबली, मला करवंदाची जाळी दाखवायला. मला वाटलं काय प्रेमळ बाई. थोडं वर गेलो तर ती परत थांबली, पाटीखालची चुंबळ सैल झाली म्हणून. ती तिने सोडून पुन्हा बांधली, निवांतपणे. मग पायात काटा बघायला थांबली. काटा सापडला नाही. चौथ्या वेळी दरीपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यो धूर दिसतो का, ती माझ्या हौशीची वाडी." हौसा म्हणजे तिची एकुलती लेक, पलीकडच्या डोंगरात दिलेली.

मी धूर बघितला, आणि वळून आजीकडे बघितलं. तिचा उजवा हात डाव्या कोपराला गच्च धरून होता. ओठांवर घाम. मी मनात आकडे मोजत उभी राहिले. हळूहळू तिचा हात सुटला, चेहरा मोकळा झाला आणि ती म्हणाली, चल. दुखणं आलं होतं आणि गेलंही होतं. मधे कुणी लाथ मारली नव्हती.

 दवाखान्याच्या व्हरांड्यात काय होत होतं ते मला तिथे, त्या चढावर कळलं. आजी टेकाड चढून यायची म्हणून दुखायचं. मी तिला आडवी करायची म्हणून थांबायचं. पायाचा काही संबंध नव्हता. नुसती खुर्ची दिली असती तरी तेच झालं असतं. दाबून दुखत नाही, फिरवून दुखत नाही, श्रम केले की येतं आणि बसलं की जातं, ते दुखणं हाताचंही नाही आणि पाठीचंही नाही. ते हृदयाचं. हृदयाला रक्त कमी पडलं की ते दरवेळी छातीतूनच सांगतं असं नाही. कधी हातातून सांगतं, कधी पाठीतून, कधी जबड्यातून. आम्हाला शिकवताना हे सांगितलं होतं, पण माझ्या पायाच्या कौतुकात मी ते विसरून गेले. आम्ही दोघांनी तिला 'कुठं दुखतं' हे दहादा विचारलं. 'कधी दुखतं' हे एकदाही नाही.

मी तिला तिथल्याच धोंड्यावर बसवलं आणि विचारलं, "आजी, खरं सांगा, हे कधी होतं?"

 ती पदराशी खेळत एकेक सांगायला लागली. चढ लागला की होतं. जेवून चढलं की लवकर होतं. गार वारं असलं की जास्त. बसलं की जातं. सगळं तिला नीट ठाऊक होतं, आमच्यापेक्षा जास्त. मी विचारलं की मग आम्हाला सांगितलं का नाही. तेव्हा ती म्हणाली, "पोरांस्नी कळलं तर माझा बाजार बंद करतील. घरात बसून हात दुखायचा न्हाई, पर हौशी कुठं दिसंल गं मला?"

दोन वाड्यांच्या मधे दरी. हौसाला सासरहून माहेरी यायला सवड नाही, आजीला पलीकडे जायला पाय नाहीत. दोघी आपापल्या डोंगरावरून उतरायच्या आणि बाजाराच्या दिवशी बाजारतळावरच्या लिंबाखाली तासभर एकमेकींजवळ बसायच्या. हिरडा आणि अंडी हे निमित्त. त्या तासासाठी आजी हात धरून डोंगर चढत होती, आणि कुणाला पत्ता लागू नये म्हणून वाटेत करवंदं दाखवत होती. मला रडू आलं. मी तिच्यासमोर रडले, आणि तिनेच माझी समजूत काढली.

"कुनाला सांगू नको, बाय. माझा बाजार मोडू नको," ती म्हणाली.

मी वचन दिलं नाही. तसं वचन नर्सला देता येत नाही. पाटी आणि पिशवी मी घेतली, दर थोड्या अंतराने तिला बसवत संध्याकाळच्या आत वाडीवर पोचवलं, बाळंतिणीला बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरून डॉक्टरांना सगळं सांगितलं. करार मोडल्याचंही सांगितलं. मला वाटलं ते फाडून खातील. ते स्वतःवरच चिडले होते. पहिल्याच दिवशी मी तिला पायऱ्या चढायला लावून बघायला हवं होतं, असं ते दोनतीनदा म्हणाले. मग आजीच्या थोरल्या मुलाला, किसनला, बोलावून घेतलं.

किसन, आजी आणि मी एसटीने नगरला गेलो. तिथे छातीला तारा लावून हृदयाची रेघ कागदावर काढली. आजीला ते फार आवडलं, ती कागद मागत होती, देवघरात ठेवायला. निदान आमचंच खरं निघालं. औषध म्हणून जिभेखाली धरायच्या बारीक गोळ्या मिळाल्या. राजूरला परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या चालू ठेवा आणि चढ बंद.

 आजी नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी डॉक्टरांना लिंबाखालची गोष्ट सांगितली, किसनच्या देखत. किसन जमिनीकडे बघत ऐकत होता. मला वाटलं आता हा म्हणणार, बाजार बंद. तो म्हणाला, "बाजार बंद क्येला तर आय घरात हातरुनच धरंल. आमाला काय करायचं त्ये सांगा, आमी करतो."

डॉक्टर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मग त्यांनी जे विचारलं ते मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नाही. त्यांनी आजीला विचारलं की तुम्ही वाटेत नेमक्या कुठे कुठे थांबता?

पुढच्या बाजारी दुपारी डॉक्टर स्वतः मनगटी घड्याळ लावून आजीबरोबर डोंगर चढायला निघाले. मी आणि किसन मागे. आजी रिकाम्या हाताने, संथ चालीने. जिथे हातात कळ सुरू व्हायची तिथे डॉक्टर खूण करायचे आणि किसनला सांगायचे की बसायची जागा या खुणेच्या वीस पावलं अलीकडे. दुखायला लागल्यावर बसायचं नाही, दुखायच्या आधी बसायचं, हे सगळं शास्त्र होतं. चौथ्या थांब्याला डॉक्टर इतके धापा टाकत होते की आजीने त्यांनाच बसवलं आणि चंचीतली गोळीची बाटली पुढे केली. डॉक्टर त्या दिवशी मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

किसनने आणि त्याच्या भावाने आठ दिवसांत सगळ्या जागी सपाट धोंडे आणून ठेवले. ओझं किसनने घ्यायचं, जेवल्यावर लगेच निघायचं नाही, तासभर लिंबाखाली बसायचं, गोळी जिभेखाली धरून मगच चढाला लागायचं. लिंबाखाली बसायचा तास डॉक्टरांनीच लिहून दिल्यावर हौसाची सासूही काही बोलू शकेना. औषधच ते. पहिल्या गोळीने आजीचं डोकं ठणकलं, तसं त्या गोळीने होतंच, पण त्यामुळे औषध जालीम आहे अशी तिची खात्री पटली. दुष्काळाच्या वर्षी खडी फोडून हात धरलेली म्हातारी माणसं रांगेत आली, तेव्हा आजी त्यांना व्हरांड्यात बसून विचारायची, दुखतं कवा? चढताना का फोडताना? चढताना म्हणणारा एकजण निघाला, तर तिने त्याला दंडाला धरून थेट डॉक्टरांपुढे उभा केला.

दोन वर्षं ती त्या धोंड्यांवर बसत बसत दर बाजारी आली. लाथ मात्र तिने सोडली नाही. मी तिला हजारदा सांगितलं की आजी, या पायाने काही होत नाही, तुमचं तुम्हाला माहीत आहे. ती म्हणायची, असू दे. मग मी तपासणी करून घ्यायची, पाय टेकवायची आणि पाया पडायची.

माझी बदली झाली. निघायचा दिवस बाजाराचाच निघाला. सकाळी ट्रंक एकटीने उचलायला गेले आणि पाठीत अशी उसण भरली की सरळ उभं राहवेना. वाकलेलीच दवाखान्यात निरोप घ्यायला गेले. व्हरांड्यात ठकूआजी आणि हौसा दोघी बसल्या होत्या, करवंदांची पाटी घेऊन. आजीने मला बघितलं आणि गोणपाट अंथरलं.

"पड पालथी," ती म्हणाली.

मी म्हटलं, आजी, तुम्ही कुठे पायाळू? ती म्हणाली, "न्हाई. पर ह्यो पाय डोंगर उतरून आलाय. बग तर लावून."

डॉक्टर दारात उभे होते. ते म्हणाले, "आधी तपासणी." आजीने मला विचारलं, दुखतं कवा? मी सांगितलं, ट्रंक उचलताना. ती डॉक्टरांना म्हणाली, हिला चालंल. मग हौसाचा खांदा धरून तिने तिचा तो खरखरीत, धुळीने भरलेला पाय माझ्या पाठीवर तीनदा टेकवला, इतका हलका की पाखरू बसल्यासारखा. आणि मग रीत म्हणजे रीत, म्हणून ती माझ्या पाया पडायला वाकायला लागली. मी धडपडत उठून तिचे हात धरले, आणि आम्ही दोघी तशाच एकमेकींना धरून हसत आणि रडत उभ्या राहिलो.

पाठ दुखायची राहिली. संगमनेरपर्यंत एसटीत खड्डे खात गेले, तरी दुखली नाही. थोडा वेळ आडवी झाले म्हणून राहिली असेल. मी काही तपास केला नाही.